चारी साफ करायचीय? टेलकडून सुरू करा : गावचा पाट परत वाहता करायची आमची पद्धत

आमची लघुवितरिका, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांपर्यंत नेणारा लहान पाट किंवा चारी, कागदावर ३ किलोमीटर ४०० मीटर आहे. पाणी मात्र कित्येक वर्षं दोन किलोमीटरच्या आसपास संपायचं, पुढे नुसती वेडी बाभूळ, बेशरमाची झुडपं आणि कुणाच्या तरी द्राक्षबागेतून उडून आलेले मल्चिंग पेपर. पुढची पोरं तर त्याला चारी म्हणतच नव्हती, नाला म्हणायची. आता गेली काही वर्षं आम्ही पंधरावीस जण, कधी चाळीस, कधी फक्त सहा, दर हंगामाआधी तिच्यात उतरतो. बाजूच्या गावातली मंडळी विचारतात की तुम्ही नक्की कसं केलं, दरवेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. यात आमच्या चुकापण आहेत, त्या वगळू नका, त्याच जास्त कामाच्या आहेत.

एक आधीच सांगतो. हा लेख लघुवितरिका, उपचारी, शेतचारी असल्या लहान पाटांसाठी आहे. मुख्य कालव्यात हौशी लोकांनी उतरायचं नाही, ते खात्याचं काम आणि तिथली खोली न् वेग वेगळाच असतो.

आधी चालायचं, तेही उलटं

पहिल्या रविवारी फावडं घरी ठेवा. फक्त चाला. आणि टेलकडून हेडकडे चाला, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याच्या बांधापासून वर गेटापर्यंत. आम्ही पहिल्यांदा गेटापासून खाली निघालो होतो, गेटाजवळ सगळं बरं दिसत होतं, लोक म्हणाले "एवढी काही वाईट नाहीये रे", आणि दीड किलोमीटरवर ऊन चढलं तसे सगळे परत फिरले. टेल कुणी बघितलंच नाही. उलटं चाललं की पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की काय अवस्था आहे, आणि टेलचा जो तात्या रोज ते बघतोय तो आपोआप तुमच्याबरोबर चालायला लागतो.

बरोबर एक म्हातारा माणूस घ्याच, शक्यतो जुना पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा-वाटणारा, किंवा त्याच्या हाताखाली काम केलेला. मोरी (पाणी जायचा पाईप किंवा तोंड) कुठे गाडली गेलीय, जुना एस्केप (जादा पाणी बाहेर सोडायची जागा) कुठे होता, कुठल्या साली कुठे फुटली होती, हे त्याच्या डोक्यात असतं आणि दुसरीकडे कुठेच नसतं. आमच्या नानांनी एका उसाच्या बांधावर काठी आपटून सांगितलं "इथं पाईप हाय खाली", दोन फूट खणलं तर खरंच निघाला.

चालताना दर तीस मीटरला एक खुंटी मारायची आणि वहीत लिहायचं: गाळ किती, झुडपं कुठली, भराव खचलाय का, बीळ आहे का, मोरी किती इंची, कुणाचा पाईप पाटात आलाय. मोबाईलवर फोटो काढा पण वहीपण ठेवा, फोटो नंतर कुणाला सापडत नाहीत. एका किलोमीटरला अर्धा दिवस जातो, घाई करू नका.

टेलकडूनच का

हा मुद्दा मी जरा ताणून सांगणार आहे कारण यावर आमच्यात दोन मिटिंगा भांडणात गेल्या. सरळ विचार केला तर वरून साफ करत खाली यायला पाहिजे, पाणी वरून येतं ना. पण माणसं पाण्यासारखी वाहत नाहीत. हेडकडून सुरुवात केली की पहिल्या दोन रविवारी हेडवाल्यांचा पाट चकाचक होतो, त्यांच्या मोरीला पाणी जोरात लागतं, आणि तिसऱ्या रविवारी ते येत नाहीत. त्यांचं काम झालेलं असतं. वाईट माणसं नसतात ती, पण द्राक्षाची छाटणी असते, मुलीकडे पाहुणे येणार असतात. उरलेला अर्धा पाट उरलेली अर्धी माणसं करत बसतात आणि ती थकतात.

टेलकडून वर गेलं की शेवटचे रविवार हेडवाल्यांच्या बांधावर येतात, तोपर्यंत खालची वीस घरं घाम गाळून बसलेली असतात, मग हेडवाल्याला घरी बसायची लाज वाटते. वर एक अण्णा आहेत आमच्याकडे, ते पहिल्या वर्षी म्हणाले होते, "तुमचं पाणी तुम्ही बघा, मला पुरतंय." त्यांच्या बांधापर्यंत आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर काढला. उपकार म्हणून नाही हं, चाळीस लोक आपल्या दारात काम करतायत आणि आपण ओट्यावर बसलोय हे बरं दिसत नाही म्हणून. कारण कुठलंही चालतं, ट्रॅक्टर आला हे महत्त्वाचं.

ही काही आमची अक्कल नाही. आमच्याच नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर ओझरला १९९१ च्या सुमारास ज्या पहिल्या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या त्या टेलच्याच भागातल्या, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने ते काम लावून धरलं होतं, आणि नंतर त्या पूर्ण प्रकल्पावर संस्था झाल्या. पुढे राज्याने २००५ साली सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला त्यातसुद्धा संस्थेचं संचालक मंडळ हेड, मध्य आणि टेल तिन्हीकडून घ्यायचं आणि अध्यक्षपद फिरतं ठेवायचं असं आहे. म्हणजे टेलवाल्याला खुर्ची दिल्याशिवाय पाणी खाली जात नाही हे सरकारलाही कळलेलं होतं.

एकच अपवाद. मध्ये कुठे पूर्ण तुंबलेली मोरी किंवा बुजलेला पाईप असेल तर तो आधी मोकळा करा, नाहीतर खाली कितीही साफ करा, पाणी येणारच नाही आणि लोक म्हणतील बघा फुकट गेलं.

परवानगी

पाट तुमच्या बांधाला लागून असला तरी तुमचा नाही. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ खाली कालव्याला, त्याच्या भरावाला, गेटाला हात लावणं हा गुन्हा होऊ शकतो, चांगल्या हेतूने लावला तरी. म्हणून पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात एक साधा अर्ज द्या: कुठली वितरिका, कुठल्या मीटरपासून कुठपर्यंत, काय करणार, काय करणार नाही, कुठल्या तारखांना. पोच घ्या. तोंडी "करा हो" वर जाऊ नका. आम्ही एका वर्षी तोंडीवर गेलो, मधल्या काळात साहेब बदलले, नव्या साहेबांना काहीच माहीत नाही, आणि जेसीबी अर्ध्या कामातून परत पाठवावा लागला. भाडं मात्र पूर्ण दिवसाचं गेलं.

अर्जासोबत दोन गोष्टी मागा, कारण त्या फुकट मिळतात आणि फार उपयोगी असतात. एक, त्या चारीचा मंजूर उभा छेद, म्हणजे तळपातळी कुठे किती आणि उतार किती याचा कागद. दोन, आवर्तनाचं नियोजन, म्हणजे पाणी कधी सुटणार आणि कधी बंद होणार.

झाडं तोडायची असतील तर वेगळं विचारा. बेशरम, गाजरगवत, पाणकणीस यांचं काही नाही, पण भरावावरच्या मोठ्या झाडाला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

कधी करायचं

सिंचनाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. खरीप १४ ऑक्टोबरपर्यंत, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. साफसफाईला दोनच खिडक्या मिळतात. पहिली, पाऊस उघडल्यावर ते रब्बीचं पहिलं आवर्तन सुटेपर्यंत, साधारण दिवाळीच्या आगेमागे. दुसरी, शेवटचं उन्हाळी आवर्तन संपल्यावर, मे-जूनमध्ये.

दिवाळीआधी माती ओलसर असते, झुडपं मुळासकट उपटून येतात, ऊन बरं असतं. अडचण एवढीच की सोयाबीन, मका काढणी, द्राक्ष छाटणी सगळं तेव्हाच. मे मध्ये लोक मोकळे असतात पण माती दगड होते आणि साडेनऊनंतर काम करणं म्हणजे चक्कर येऊन पडणं. आम्ही वाटून घेतलंय: झुडपं आणि कचरा ऑक्टोबरात, गाळ आणि भरावाची दुरुस्ती मे मध्ये, सकाळी सहा ते नऊ. नऊ म्हणजे नऊ. थोडंच राहिलंय म्हणून साडेदहापर्यंत ओढलं की पुढच्या रविवारी निम्मी माणसं कमी.

माणसं जमवणं आणि टिकवणं

व्हॉट्सअॅप ग्रुपवर "सर्वांनी उपस्थित राहावे" टाकून कुणी येत नाही, अंगठा दाखवतात आणि झोपतात. घरी जाऊन सांगावं लागतं, नावाने. आमचा नियम असा की प्रत्येक खुंटीच्या टप्प्याला, म्हणजे तीस मीटरला, एक घर जबाबदार. ते घर त्या दिवशी दोन माणसं देतं, नाहीतर एक माणूस आणि सगळ्यांचा नाश्ता. पोहे आणि चहा असला तरी चालतो, पण नाश्ता पाहिजेच, आणि तो कामाच्या मध्ये नाही, शेवटी. मध्ये दिला की लोक बसतात आणि उठत नाहीत, हा अनुभव आहे.

बायकांना फक्त चहाला लावू नका. खरं सांगायचं तर आमच्याकडे रात्रीच्या पाळीला दारं धरायला, म्हणजे शेतात पाणी वळवायला, निम्म्या घरांत बायकाच जातात, त्यामुळे कुठल्या मोरीला पाणी चढत नाही हे त्यांना जास्त माहीत. एक आक्का आहेत, त्यांनी पहिल्या पाहणीत जी यादी सांगितली ती इंजिनिअरच्या यादीशी जवळजवळ जुळली. आता वही त्यांच्याकडेच असते.

जवळच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर असतं, प्राचार्यांना वेळेवर पत्र दिलं तर तुमचं गाव मिळू शकतं. पोरांना कचरा, झुडपं आणि मोजमाप ही कामं द्या, खोल गाळ देऊ नका, सवय नसते आणि कंबर धरते. २०१६ नंतर पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमुळे बऱ्याच गावांना श्रमदानाची सवय लागलीय, तुमचं गाव त्यातलं असेल तर ती जुनी टीम शोधा, घमेली पण त्यांच्याकडेच सापडतील.

आणि हे काही नवीन नाही. धुळे आणि नाशिककडच्या फड पद्धतीत, पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर, शेकडो वर्षं लोक आपला पाट आपणच सांभाळायचे, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळी व्यवस्था गावाची. तिथे पाट साफ करणं हे समाजकार्य नव्हतं, पाणी घेण्याची अट होती. आम्हीपण श्रमदान हा शब्द कमी वापरतो, लोकांना उगाच पुण्य केल्यासारखं वाटतं आणि पुण्य एकदाच केलं तरी पुरतं.

गाळ किती, ते आधी गणितात काढा

समजा सरासरी रुंदी एक मीटर, गाळ एक फूट म्हणजे ०.३ मीटर, लांबी १०० मीटर. झाला ३० घनमीटर गाळ. ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) साधारण साडेदहा, म्हणजे दहा-अकरा ट्रॉल्या. ओला गाळ घनमीटरला दीड-पावणेदोन टन भरतो, म्हणजे १०० मीटरला पन्नास टनाच्या आसपास. हे आकडे मिटिंगमध्ये फळ्यावर लिहिले की सगळे जरा गप्प होतात, आणि ते चांगलं असतं.

आमच्या अनुभवात सवय नसलेला माणूस तीन तासांत अर्धा घनमीटर उपसतो, सवयीचा असेल तर एक. म्हणजे त्या १०० मीटरला साठ माणसांची एक सकाळ. ३ किलोमीटरला हे हाताने होणार नाही, कुणी कितीही भाषण करो. म्हणून सरळ वाटणी करा: जिथे यंत्र उतरू शकतं आणि गाळ फुटाच्या वर आहे तिथे जेसीबी, जिथे मोरी, पाईप, अस्तरीकरण किंवा अरुंद जागा आहे तिथे हात.

जेसीबीवाल्याला मोकळं सोडू नका

ही आमची सगळ्यात महागाची चूक. पहिल्या वर्षी वर्गणी जमली, जेसीबी आणला, ड्रायव्हर चांगला होता, म्हणाला "दादा मस्त खोल करून देतो." आम्हालाही वाटलं खोल म्हणजे चांगलं. २०० मीटर पट्टा मूळ तळापेक्षा पाऊण फूट खाली गेला. झालं काय, तळाचा वर्षानुवर्षं घट्ट बसलेला थर फुटला आणि पाणी खाली मुरायला लागलं, पाणी बंद झाल्यावर तिथे डबकं साठायला लागलं, डबक्यात पाणकणीस परत आलं आणि डास वेगळे. वर त्या पट्ट्यातल्या दोन मोऱ्यांना पाणी चढेना कारण मोरी आपल्या जागी आणि पाण्याची पातळी खाली, मग त्या शेतकऱ्यांनी पाटात गोण्या टाकून पाणी तुंबवलं आणि टेलचं पाणी पुन्हा गेलं. साफ केलं नसतं तर बरं होतं अशी वेळ आली.

लहान चारीचा उतार डोळ्याला दिसत नाही. १००० ला १ असा उतार असेल तर तीस मीटरला फक्त तीन सेंटीमीटर. हे कुठल्याच ड्रायव्हरला नजरेने जमणार नाही. म्हणून गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि खात्याच्या कागदावरची तळपातळी प्रत्येक खुंटीवर रंगाने मारून घ्या. सुरुवात पक्क्या ठिकाणाहून करा, म्हणजे जुन्या मोरीचा किंवा प्रपाताचा (पाटातल्या पक्क्या पायरीचा) काँक्रीटचा तळ, तो हललेला नसतो. यंत्र शेवटचे चार बोटं गाळ ठेवून पुढे जाईल आणि ते चार बोटं माणसं फावड्याने काढतील, हा नियम. एक माणूस पूर्णवेळ जेसीबीसमोर नळी घेऊन, आणि तो माणूस ड्रायव्हरचा मित्र नको.

बाजूंचा ढाळ पण राखा. उभ्या भिंती छान दिसतात पण काळ्या मातीत पहिल्याच पावसात आत येतात.

निघालेला गाळ भरावाच्या आतल्या कडेवर टाकू नका, पहिल्या पावसात तो परत पाटात. बाहेरच्या बाजूला टाका किंवा शेतात न्या. मात्र कीटकनाशकाच्या बाटल्या, काच, ठिबकच्या नळ्या आधी वेचून घ्या, नाहीतर तुम्ही लोकांच्या रानात कचरा पसरलात असं होतं. औषधांच्या बाटल्या हातमोजे घालून, वेगळ्या गोणीत.

भराव, बिळं आणि घुशी

२७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याचा भराव फुटला आणि वस्तीत पाणी घुसून शेकडो घरांचं नुकसान झालं. तेव्हा घुशी-खेकड्यांनी पोखरल्याचं कारण पुढे आलं आणि लोकांनी त्याची भरपूर चेष्टा केली. नेमकं कारण काय यात मी पडत नाही, पण बिळांची चेष्टा करू नका एवढं सांगतो, लहान चारीत रात्रीच्या पाळीला भराव फुटतो तो बऱ्याचदा अशाच बिळातून.

बिळाचं तोंड नुसतं मातीने लिंपून उपयोग नाही, आतली पोकळी तशीच राहते. बीळ जिथपर्यंत गेलंय तिथपर्यंत उकरायचं, मग थराथराने भरायचं. खचलेल्या भरावालाही हेच. आधी गवत, मुळ्या, सैल माती काढून टाका, जुन्या भरावाला पायऱ्या पाडा म्हणजे नवी माती जुनीला धरते, पाणी शिंपडा, मग वितीपेक्षा कमी, साधारण १५ सेंटीमीटरचा थर टाकून धुम्मसने ठोका, मग पुढचा थर. एकदम दोन फूट माती टाकून वरून नाचलात तर फक्त वरची चार बोटं बसते.

माती ओली किती पाहिजे? मुठीत घेऊन लाडू वळा. वळला आणि बोटाने दाबल्यावर दोन-चार तुकडे झाले तर बरोबर. हाताला चिकटली तर जास्त ओली, वळलाच नाही तर कोरडी.

काळी माती एकटी वापरू नका, सुकली की भेगा पडतात, भिजली की फुगते, म्हणूनच तर आपल्याकडचं काँक्रीट अस्तर जागोजागी उचललेलं दिसतं. आतल्या बाजूला चिकट मुरमाचा थर द्या. सिमेंटचं काम स्वतः करायला जाऊ नका. आमच्या एका उत्साही भावाने दोन पोती सिमेंटने एक पट्टा लिंपला होता, एका उन्हाळ्यात पापुद्रे सुटले. ते आता सगळ्यांना दाखवायला ठेवलंय.

पाईपमोरीच्या कडेने पाणी झिरपत असेल तर सावध राहा. पाईपच्या आतून नाही, बाहेरून, माती आणि पाईप यांच्या फटीतून. तिथे उकरून मुरूम ठोकून भरावाच लागतो.

आणि शेतात जायला लोकांनी टाकलेले एक फुटी पाईप, हा एक वेगळाच विषय. दोन फुटी पाईप काढून कुणी दोन एक फुटी टाकले तर हिशोब बरोबर झाला असं वाटतं, पण नुसतं क्षेत्रफळ बघितलं तरी चार लागतात, आणि लहान पाईपात घर्षण जास्त म्हणून प्रत्यक्षात चारही कमी पडतात. वर त्यात कचरा अडकतो तो वेगळाच.

जिवाची काळजी, यात मस्करी नको

काम चालू असताना पाणी सुटणार नाही याची खात्री शाखेत फोन करून त्याच सकाळी करा, आदल्या दिवशीचा शब्द धरू नका. गेटावर एक माणूस मोबाईल घेऊन बसवा.

पाटातून मोटारींच्या वायरी गेलेल्या असतात, कुठेतरी टेप सुटलेला असतो, पाय ओले असतात. ज्या पट्ट्यात काम आहे तिथले स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवायला लावा. लाईट नाहीये म्हणून निर्धास्त राहू नका, थ्री फेज कधीही येते.

झुडपात हात घालण्याआधी काठी आपटा. घोणस असते, नाग असतो. साप चावलाच तर बांधणं, कापणं, मांत्रिक यात एक मिनिट घालवू नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. जवळ सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात आहे हे कामाआधी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

लांब मोरीत किंवा सायफनमध्ये (रस्ता-नाल्याखालून जाणाऱ्या बंद पाईपात) माणूस आत घालायचा नाही. आत कुजका वायू असू शकतो. बांबू, दोर, नाहीतर पाण्याच्या प्रेशरने मोकळं करा, जमलं नाही तर खात्याला सांगा.

पैसे

डिझेल, जेसीबी, नाश्ता, हातमोजे. वर्गणी एकरावर लावा, घरावर नाही, नाहीतर अर्धा एकरवाला आणि दहा एकरवाला सारखेच भरतात आणि पहिलं भांडण तिथेच. प्रत्येक बिलाचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर. मी हिशोब आठवड्याने टाकायचो, तर एकाने चहाच्या टपरीवर काहीतरी बोललेलं कानावर आलं. तेव्हापासून त्याच दिवशी.

पाणी आल्यावर मोजा

पाट चांगला झाला का हे फोटोवरून नाही कळत. हेडला आणि टेलला पाणी मोजा. साधी पद्धत: पाटाचा सरळ दहा मीटरचा तुकडा घ्या, संत्रं किंवा नारळाची शेंडी पाण्यात सोडा, किती सेकंदात दहा मीटर जातं ते बघा, तीनदा करून सरासरी घ्या. वर तरंगणारी वस्तू जरा जास्त जोरात जाते म्हणून वेगाला ०.८५ ने गुणा. उदाहरण देतो: २५ सेकंद लागली, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर, गुणिले ०.८५ म्हणजे ०.३४. पाण्याची रुंदी ०.८ मीटर, खोली ०.३, क्षेत्रफळ ०.२४. गुणाकार केला की सेकंदाला साधारण ८२ लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तर हे झालं पावणेतीन-तीन क्युसेकच्या मधे.

मोजताना मधल्या मोऱ्या बंद पाहिजेत. हेड आणि टेलमधला फरक म्हणजे तुमची गळती, मग ती झिरपण्याने असो की कुणाच्या पाईपने. पाईपवाल्याच्या घरी रात्री टोळी घेऊन जाऊ नका, आकडा घेऊन दिवसा जा, एक-दोन वडीलधारे बरोबर. आमच्याकडे दोन पाईप असेच निघाले, एक अजून आहे.

पहिलं पाणी सुटतं त्या दिवशी पाण्याच्या तोंडाबरोबर चाला. पुढे कचऱ्याचा एक लोंढा येतो, तो प्रत्येक मोरीवर अडकतो, हातात पंजा घेऊन माणूस पाहिजेच. नवीन भरावावर पहिल्या दिवशी पूर्ण पाणी सोडायला देऊ नका, निम्म्याने सुरू करा.

नोंदणीकृत संस्था करायची का

पहिल्या वर्षी नको. आधी दोन हंगाम माणसं एकत्र काम करू देत, कोण बोलतो आणि कोण करतो ते कळू दे. मग २००५ च्या कायद्याखाली पाणी वापर संस्थेच्या मागे लागा. त्यात लाभक्षेत्राचा नकाशा, खातेदारांची यादी, निवडणूक, मग खात्याबरोबर चारीची संयुक्त पाहणी आणि हस्तांतरणाचा करारनामा असा प्रवास आहे. संयुक्त पाहणीला तुमची ती पहिली वही न्या, खुंटीनिहाय. खात्याने दुरुस्त करून द्यायच्या गोष्टी त्या दिवशीच कागदावर आल्या पाहिजेत, मोडकं गेट तसंच ताब्यात घेतलं की ते तुमचं. आणि मोजमापाची जागा, फ्ल्यूम किंवा व्ही नॉच जे असेल ते, चालू स्थितीत असल्याशिवाय सही करू नका. संस्थेला पाणी मोजून मिळतं, पट्टी त्यावरच लागते, पीक कुठलं घ्यायचं ते तुमच्यावर, पण मोजायलाच नसेल तर भांडण कशावर करणार.

राहिलं अवजारांचं. पहिल्या वर्षी आम्ही वीस फावडी घेतली, मे संपेपर्यंत तेरा उरली, कुणी चोरली नाहीत, "उद्या देतो" म्हणून घरी गेली आणि तिथेच रमली. आता सगळ्यांचे दांडे गुलाबी ऑइलपेंटने रंगवलेत. कुणाच्याही गोठ्यात गुलाबी दांडा दिसला की पोरं ओरडतात. मागच्या हंगामात वीसच्या वीस परत आली, वर एकवीसावं पण आलं, ते कुणाचं ते अजून कळलेलं नाही.